बद्द वाजणारा खडक

आमच्या अण्णांच्या हाती कुठलीही वस्तू दिली की ते आधी ती वाजवून बघत. नारळ, माठ, कलिंगड सगळेच वाजवतात. अण्णा दारं वाजवत, कपाटं वाजवत, लग्नाच्या पंगतीत पुढ्यात आलेलं पितळी ताट वाजवत, आणि एकदा तर दवाखान्यात डॉक्टरांचं टेबल वाजवून "मधला जोड ढिला आहे" असं सांगून आले होते. भोसरीच्या एका कारखान्यात ते इन्स्पेक्टर होते. भट्टीतून ओतून आलेले बिडाचे भाग त्यांच्यापुढे मांडलेले असत आणि ते छोट्या हातोडीनं एकेकावर हलका ठोका देऊन कान लावत. खण्ण वाजलं तर माल चांगला, खडूनं बरोबरची खूण. बद्द वाजलं तर आत कुठंतरी चीर, खडूनं फुली. उत्पादनवाले येऊन गयावया करत, "साहेब, एवढा लॉट डेव्हिएशनवर चालवून घ्या हो." डेव्हिएशन म्हणजे माल मापात बसत नाही, पण काम भागतंय तर वरच्याच्या सहीनं सोडून द्यायचा. अण्णांनी सबंध नोकरीत असा एक नट सोडला नव्हता, आणि त्यामुळे कंपनीत त्यांना मान होता, मित्र मात्र एकच होता. मी दहावीला गणितात गचकले तेव्हा ते रागावले नाहीत. बोटाच्या पेरानं माझ्या डोक्यावर एक ठोका दिला, कान जरा पुढं केला आणि म्हणाले, "हं." तो 'हं' मला इतकी वर्षं झाली तरी झोंबतो. ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंत मला घरी बसणं भाग होतं, म्हणून पुढचा सगळा प्रकार मला पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायला मिळाला.

घर म्हणजे भोसरीतली एक भाड्याची खोली. दोन्ही बाजूंना वर्कशॉप. डावीकडच्या भिंतीपलीकडे पत्र्याच्या चकत्या पाडणारं प्रेस होतं, त्याच्या ठोक्यांनी आमच्या मांडणीवरच्या वाट्या हळूहळू पुढं सरकत आणि आई दर तासाला त्या मागं ढकलत असे. उजवीकडून लेथचा चीं चीं आवाज आणि यंत्र थंड ठेवायला त्यावर सोडतात त्या कुलंटचा आंबूस वास, तो भातालाही लागतो असं आईचं म्हणणं होतं. पण आईचं खरं दुखणं वेगळंच होतं. खोलीचं दार आत उघडायचं, आणि वातीचा स्टोव्ह ठेवायला दारामागे सोडून दुसरी जागा नव्हती. त्यामुळे दारावर थाप पडली की आई आतून ओरडायची, "थांबा, पोळी आहे!" मग तवा खाली, स्टोव्ह बाजूला, आई उभी, दार उघडायचं, माणूस आत, दार बंद, स्टोव्ह पुन्हा जागेवर, तवा वर. तोवर पोळीचा पापड झालेला असे. अण्णांना बऱ्याचदा दुसरी पाळी असे आणि त्यांचा मित्र मस्के वेळी-अवेळी यायचा, म्हणजे दिवसातून कैक वेळा हा सोहळा. आई म्हणायची, "मला बंगला नको, बाग नको. जिथं दार येऊन आदळणार नाही अशा ठिकाणी एक स्टोव्ह ठेवायचा आहे मला, मरायच्या आधी." तेव्हा तिची चाळिशीही उलटली नव्हती, पण असं बोलायची तिला आवड होती. अजूनही आहे.

अण्णांना निगडीला प्लॉट लागला तेव्हा आईनं आनंदानं शिरा केला आणि दार वाजल्यामुळे तो करपला. तिकडं तेव्हा नुसता माळ होता. आखलेले रस्ते, खुंट्या, खुंट्यांवर नंबर, आणि अधूनमधून एखादं अर्धवट घर. आम्ही आमची खुंटी शोधत गेलो तर प्लॉटच्या बरोबर मधोमध एक काळा खडक. बसलेल्या म्हशीपेक्षा मोठा, पाठ गोल, अंगावर जागोजागी पांढऱ्या गारगोट्यांचे ठिपके. शेजारच्या प्लॉटवर नाही, पलीकडच्या नाही, आमच्याच. आई बघत उभी राहिली आणि म्हणाली, "हा आपल्याला प्लॉटबरोबर दिलाय का कुणी विसरून गेलंय?" खडकाच्या सावलीत एक म्हातारी बसली होती. तिचं नाव हौसाबाई. हा माळ पूर्वी तिच्याच गावकीचा, आणि तिच्या शेरड्या वर्षानुवर्षं ह्या खडकावर चढून बसायच्या. ती म्हणाली, "दिला न्हाई आन् इसरला बी न्हाई. त्यो वाडतोय. मी लगीन हून आले तवा गुडघ्याएवडा व्हता." आईनं त्याच दिवशी तिला बजावलं, "हौसाबाई, ह्याला कुणी शेंदूर लावायचा नाही हं. एकदा लागला की माझं घर गेलं." हौसाबाईनं कानाच्या पाळ्यांना हात लावून कबूल केलं, आणि शब्द पाळला.

प्लॉटची अट अशी होती की ठरल्या मुदतीत जोतं वर आलं पाहिजे, नाहीतर प्लॉट परत. दिवाळीनंतर प्लॉट देणाऱ्या कचेरीतले साहेब तपासणीला येणार होते. गवंडी आला, त्यानं खडकाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "नशीबवान आहात. पाया फुकट मिळालाय. ह्याच्या पाठीवरच घर उचला, सात पिढ्या हलणार नाही." अण्णांनी विचारलं, "वाजवून बघितलाय?" गवंडी हसला. अण्णा हसले नाहीत. त्यांनी खिशातून हातोडी काढली, खडकावर ठोका दिला, कान लावला. बद्द. जरा बाजूला, बद्द. मागून, बद्द. "वरचा पापुद्रा सुटलेला आहे," ते म्हणाले. "आधी चांगला भाग लागू दे, मग त्यावर बांधू." गवंड्यानं आईकडे पाहिलं, आईनं आभाळाकडे. दुसऱ्या गुरुवारी अण्णा पहार घेऊन हजर.

गुरुवार अशासाठी की आमच्या सगळ्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. रविवारी जग सुट्टीवर आणि आमचे अण्णा कामावर. सोबत मस्के काका. ते लातूरकडचे, अण्णांच्या हाताखाली होते आणि अण्णांचा शब्द त्यांना वेदवाक्य. दोघांनी फटीत पहार घातली, रेटा दिला, आणि खडकाची एक पाठच्या पाठ सुटून खाली आली. जाड, वळणदार, कांद्याच्या पाकळीसारखी. खाली तसाच गोल खडक, जरा लहान, जरा काळा. अण्णांनी ठोका दिला. बद्द. "अजून एक थर," अण्णा म्हणाले. मी खडूची पेटी घेऊन उभी होते. माझं काम सुटलेल्या पाकळ्यांवर फुल्या मारण्याचं. संध्याकाळपर्यंत आम्ही दोन थर काढले, पिठलं-भाकरी खाल्ली, आणि अण्णा इतके खूश होते की बसमध्ये त्यांनी कंडक्टरचा पंच वाजवून बघितला.

नाकारलेला माल चांगल्या मालात मिसळता कामा नये, हा अण्णांचा धर्म. म्हणून त्यांनी चुन्याच्या फक्कीनं प्लॉटच्या कोपऱ्यात चौकोन आखायला घेतला. "हा रिजेक्शन एरिया. सगळ्या पाकळ्या, भुगा, मुरूम, जे निघेल ते इथंच." आई म्हणाली, "तिथं नको. पूर्वेकडच्या कोपऱ्यात आखा. आणि जरा मोठा." अण्णांना बायकोनं कामात एवढा रस घेतलेला बघून भरून आलं. तिनं पावलं टाकत माप सांगितलं आणि त्यांनी ते मुकाट्यानं आखून दिलं. आज मला वाटतं, दोघांच्या संसारातला सगळ्यात महत्त्वाचा संवाद तोच, आणि त्यात एकाचंच लक्ष होतं.

मग आमचा आठवडा दोन दिवसांवर उभा राहिला. गुरुवारी अण्णा आणि मस्के खडक सोलत. रविवारी अण्णा कामावर गेले की आई मला घेऊन निगडीची बस धरी, आणि हौसाबाई तिथं जमीन चोपायची एक जुनी लाकडी धुमस घेऊन वाट बघत असे. आई वळणदार पाकळ्या चौकोनाच्या कडेनं एकावर एक रचायची, सांध्यात बारीक चिपा ठोकायची. मधे भुगा आणि मुरूम पसरायचा, वर पाणी शिंपडायचं, आणि मग हौसाबाई आणि मी आळीपाळीनं धुमस मारायचो. धप्प, धप्प. हौसाबाई मधूनच थांबून म्हणायची, "पोरी, वाडनारा धोंडा हाय ह्यो, दमानं मार." मी आईला विचारलं की हे आपण अण्णांना का सांगत नाही. आई म्हणाली, "लपवलंय कुठं? डोळ्यांसमोर आहे. ते फुल्या बघतात, मी पाकळ्या बघते." आणि खरंच, गुरुवारी अण्णा आले की रचलेल्या कडेवरून हात फिरवत मस्केंना म्हणत, "रिजेक्शन एरिया असावा तर असा. आपल्या कंपनीत ही शिस्त नाही."

पावसाळा संपत आला तसा खडक निम्म्यावर आला होता आणि भोवती खड्डा झाला होता. अण्णा आता खड्ड्यात उतरून सोलत. आवाज अजून बद्दच. मस्केंचा धीर सुटत चालला. ते म्हणाले, "साहेब, किती दिस सोलूलालो आपण? ह्येला आत काय हाय का नुसती सालच हाय?" आणि त्यांनीच आपल्या घरमालकांचे जावई आणले, पुण्याच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणारे दामले सर. सर स्कूटरवरून आले, खड्ड्याच्या काठावर उभे राहिले. मग त्यांनी पिशवीतून हातोडी काढली. अण्णांनीही काढली. दोघांनी एकमेकांच्या हातोडीकडे आदरानं पाहिलं, आणि खडकाच्या दोन बाजूंनी दोघं ठोके देत फिरले.

"हा लाव्हा आहे," सर म्हणाले. "सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वर आला आणि पसरला. थरावर थर. आपला सगळा सह्याद्री म्हणजे एकावर एक टाकलेल्या घावनांची चळत."

"ओतला," अण्णा म्हणाले.

"ओतला म्हणा. मग थंड होताना आत वायूचे बुडबुडे अडकले, ही भोकं त्यांची. पुढं पाण्यानं त्यात गारगोट्या भरल्या."

"ब्लोहोल!" अण्णा मस्केंकडे वळले. "बघ, मी म्हणत होतो. साचा ओला असणार. ओल्या साच्यात धातू ओतला की हेच होतं. कुणी पास केला हा माल?"

सर गोंधळले. "पास असा कुणी नाही... आणि थंड होताना आकसून भेगा पडल्या. भेगांतून पाणी शिरलं. कोपऱ्याला तीन बाजूंनी पाणी लागतं, म्हणून कोपरे आधी कुजतात, मग कडा, सपाट भाग शेवटी. म्हणून चौकोनी ठोकळा गोल होत जातो आणि पापुद्रे सुटतात."

"म्हणजे चिरा पडलेलं, भोकं असलेलं, गंजलेलं कास्टिंग," अण्णा म्हणाले. "आणि असाच सगळा डोंगर?"

"जवळजवळ पाच-सहा जिल्हे... खरं तर बहुतेक सगळा महाराष्ट्र."

अण्णांनी लांब देहूरोडच्या अंगाला दिसणाऱ्या टेकड्यांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली काळजी होती. अख्खा लॉट खराब निघाल्यावर इन्स्पेक्टर बघतो तसे ते बघत होते. मग त्यांनी विचारलं, "पण आत चांगला भाग असतो का?"

"गाभा असतो. ताजा, पाणी न लागलेला."

"किती आत?"

"ते सोलल्याशिवाय नाही कळायचं. पण कृपा करून सोलू नका! इतका सुंदर नमुना गावाजवळ नाही. अर्धा तरी ठेवा, मी मुलांना घेऊन येतो."

अण्णांनी तेवढंच ऐकलं, की आत गाभा असतो. तरी सरांच्या शब्दाखातर त्यांनी पश्चिमेची बाजू राखायचं कबूल केलं. पुढच्या गुरुवारी सर आले, राखलेल्या बाजूकडे बघत बसले, आईनं दिलेली भाकरी-ठेचा खाल्ला, आणि दुपारी म्हणाले, "एकच पापुद्रा काढून बघू या का? फक्त जाडी मोजायला." संध्याकाळी ते शर्ट काढून खड्ड्यात होते. त्यानंतर त्यांचा एकही गुरुवार चुकला नाही. मुलांना काही त्यांनी आणलं नाही.

मी ऑक्टोबरची परीक्षा दिली, दिवाळी झाली. खडक आता पिंपाएवढा, मग हंड्याएवढा. आईचा चौकोन दुसऱ्या बाजूला गुडघ्याच्या वर आलेला. आई आता अण्णांना सरळ सांगू लागली होती, "अहो, मुदत जवळ आली. दोन गाड्या फाडी दगड आणा आणि जोतं घ्या." अण्णा म्हणायचे, "अगं, एकदा वाजू दे फक्त." एका रात्री जेवताना दार वाजलं, आईनं तवा उचलला, स्टोव्ह सरकवला, दार उघडलं, आणि मस्के आत आल्यावर ती स्टोव्ह पुन्हा लावायला गेलीच नाही. भिंतीला टेकून खाली बसली. "प्लॉट गेला ना," ती म्हणाली, "तर मी याच दारामागे मरेन. मग दार उघडायचं कसं ते तुम्ही बघा." अण्णा ताटावरून उठले. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला आणि इतकी दया आली की मी न जेवता झोपले.

साहेब आले तो गुरुवारच होता. सकाळी अण्णा, मस्के आणि दामले सर खड्ड्यात, आई आणि हौसाबाई चौकोनावर, आणि मी मधे खडू घेऊन. मस्केंनी शेवटचा पापुद्रा हातानंच काढला. आत राहिला एक गोळा, लाल भोपळ्याएवढा, काळाभोर, गुळगुळीत. अण्णांनी हातोडी उचलली. ठोका दिला.

खण्ण!

इतका स्वच्छ आवाज की लांबच्या शेरड्यांनी माना वर केल्या. अण्णांनी पुन्हा मारलं. खण्ण! मस्के नाचायला लागले, दामले सरांनी चष्मा पुसला, अण्णांचे डोळे भरून आले. "पास!" ते ओरडले. "साडेसहा कोटी वर्षांनी एक पीस पास!" आणि ह्या गडबडीत वर येऊन उभी राहिलेली जीप कुणाला दिसली नाही.

साहेबांनी खड्ड्यात वाकून पाहिलं. आत चिखलानं माखलेली तीन माणसं आणि एक गोळा. "जोतं कुठंय?" त्यांनी विचारलं. अण्णांनी दोन्ही हातांनी तो गोळा उचलून दाखवला. "हे बघा साहेब. ऐका." खण्ण. साहेब म्हणाले, "ह्याच्यावर घर बांधणार?" अण्णांचा चेहरा हळूहळू उतरला. आपण पाया शोधता शोधता पायाच सोलून टाकला, हे त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा उमगलं. गोळा हातात धरून ते तसेच उभे राहिले.

तेवढ्यात पूर्वेच्या कोपऱ्यातून आईचा आवाज आला. "साहेब, उन्हातून आलात. इकडं येऊन चहा घ्या." तिनं चौकोनाच्या मधोमध स्टोव्ह पेटवला होता. साहेब गेले, आणि चौकोनावर चढायला त्यांना पाय चांगलाच उचलावा लागला. "तुम्ही पाय ठेवलात ना," आई म्हणाली, "तेच जोतं. स्वयंपाकघराचं. बाकीच्या खोल्या सावकाश होतील." साहेबांनी टाच आपटून बघितली. हलेना. टेप लावली. उंची भरली. "व्हय तर! सालभर कुटलंय," हौसाबाई म्हणाली. वर्ष झालं नव्हतं, पण कुणी मोजत बसलं नाही. साहेब कडेच्या पाकळ्यांवरच्या फुल्या न्याहाळत होते. "ह्या फुल्या कशाच्या?" आई चहात साखर घालू लागली. मस्केंनी प्रामाणिकपणे सांगून टाकलं की साहेब, ह्यो रिजेक माल हाय, आन् आमचे साहेब इन्स्पेक्टर हाईत. साहेब अण्णांकडे वळले. "मग तुम्हीच सांगा. चालेल का हे?"

अण्णांनी गोळा खाली ठेवला, वर आले, चौकोनापाशी बसले आणि हातोडीनं एका पाकळीवर ठोका दिला. बद्द. आईचा चहा गाळणारा हात थांबला. सतरा-अठरा वर्षांच्या संसारात तो आवाज तिनं इतका ऐकला होता की पुढं काय येतं ते तिला पाठ होतं. अण्णांनी स्टोव्हकडे पाहिलं. त्याच्या चारही बाजूंना माळ होता, कुठंही दार नव्हतं. ते म्हणाले, "साहेब, आमच्याकडे एक पद्धत असते. माल मापात नसला तरी काम नीट देणार असेल, तर डेव्हिएशनवर पास करतात. फक्त वरच्याची सही लागते."

"वरचं कोण?"

अण्णांनी हनुवटीनं आईकडे खूण केली. "ह्या."

आणि त्यांनी माझ्या हातातला खडू घेतला, पाकळीवरची फुली तळव्यानं पुसली आणि तिथं बरोबरची खूण केली. साहेब हसले, चहा प्याले आणि कागदावर काहीतरी लिहून गेले. आई पदराआड रडली. अण्णा एक एक फुली पुसत चौकोनाभोवती फिरत राहिले, अंधार पडेपर्यंत.

ते स्वयंपाकघर अजून आहे. जमीन कुठंही खचली नाही. खड्ड्याचा हौद झाला आणि उन्हाळ्यात सगळ्या गल्लीच्या उपयोगी पडला. गणितात मी काठावर सुटले, म्हणजे तेही डेव्हिएशनवरच. आईनं स्वयंपाकघराला कधी दार लावू दिलं नाही, नुसती चौकट आहे. ओट्याखाली कापडाच्या चुंबळीवर तो गोळा ठेवलेला असतो. निवृत्तीनंतरही दर गुरुवारी अण्णा चहाच्या आधी त्याच्यावर एक ठोका देत, खण्ण ऐकत आणि मगच कप उचलत.

अण्णा गेल्या वर्षी गेले. परवा गुरुवारी मी माहेरी होते. आई म्हणाली, "आज कुणी वाजवला नाही बघ." मी त्यांची हातोडी आणली, ओट्याखाली वाकले आणि ठोका दिला. बद्द. नीट पाहिलं तर गोळ्याच्या पाठीवर केसाएवढी रेघ होती. दामले सरांनी सांगितलंच होतं, हवा आणि पाणी कुणाला सोडत नाहीत. मी घाईनं हातोडीच्या पिशवीतून खडू काढला आणि बरोबरची खूण करायला हात पुढं केला. "काय निघालं?" आईनं विचारलं. "पास," मी म्हणाले.

आईचे कान अजून तिखट आहेत. ती ओट्याला धरून हळूहळू खाली बसली आणि माझ्या हातातून खडू काढून घेतला. म्हणाली, "सही माझी लागते."